दोरीचं दुसरं टोक

“सावकाश सांग म्हणावं तिला,” फादर बॅप्टिस्ट म्हणाले. “मला कुठं जायचं नाही.”

ॲग्नेसनं ते हातांनी सेराफिनाला सांगितलं. सेराफिनानं मान हलवली, पण तिचे हात पोटावरून उठले नाहीत. सातवा महिना होता. वेदीमागच्या त्या अरुंद खोलीत मेणाचा आणि जुन्या धुपाचा वास कोंडला होता आणि तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

वाकोल्याच्या चर्चमध्ये कुमसाराला, पापं कबूल करायला, लाकडी पेटी होती. काळोखी, मध्ये जाळी लावलेली. ती कानांच्या माणसांसाठी. बहिऱ्यांना काळोखात पाप सांगता येत नाही. म्हणून दरवर्षी ईस्टरआधीच्या उपासकाळात वाकोला, कलिना, कुर्ला इकडची बहिरी माणसं या खोलीत येत. फादर खुर्चीत बसत आणि ॲग्नेस त्यांच्या खांद्याशी उभी राहून समोरचे हात वाचत हलक्या आवाजात बोलत जाई. हे काम ती पोरवयापासून करत आली होती. तिचे आईबाप दोघंही बहिरे, त्यामुळे बोलण्याआधी ती हातांनीच बोलायला शिकली. तेव्हाच्या म्हाताऱ्या फादरनी तिला दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, ‘ती म्हणते’ असं म्हणायचं नाही, ती चहाडी होते, ‘मी’ म्हणायचं. दुसरी, इथं ऐकलेलं तुझ्याबरोबर मातीत जायला हवं. पाद्र्याला जे बंधन, तेच तुला.

कुमसाराला आलेल्या माणसाला ती नेहमी खिडकीकडे पाठ करून स्टुलावर बसवी. आज सेराफिनाला स्टूल झेपणार नव्हतं. फादरनी स्वतःची पाठीची खुर्ची तिला दिली आणि आपण स्टुलावर बसले. खुर्ची खिडकीकडे तोंड करून होती. खिडकी बंद होती, म्हणून ॲग्नेसनं ती हलवली नाही.

“हिला घेरी येईल,” फादर म्हणाले. ते उठले आणि त्यांनी खिडकीची दोन्ही दारं ढकलून उघडली. “हवा येऊ दे जरा.”

वारा आला. उन्हाचा एक रुंद पट्टा सेराफिनाच्या मांडीवर पडला. ॲग्नेसनं मागं वळून पाहिलं. अंगण मोकळं होतं. पार पलीकडे, क्रुसाजवळच्या विहिरीच्या कठड्यावर सेराफिनाचा नवरा कॉस्मस तिची वाट बघत बसला होता. इतक्या लांब काही ऐकू जाणार नाही, असं ॲग्नेसच्या मनात आलं आणि ती परत वळली.

सेराफिनानं हात उचलले.

“मी दोरी सोडली,” ॲग्नेस म्हणाली.

“कसली दोरी?” फादरनी विचारलं.

ॲग्नेसला दोरी ठाऊक होती. पण आपल्या पदरचं काही घालायचं नाही, हाही शिरस्ताच होता. तिनं सेराफिनाला विचारलं. सेराफिनानं डाव्या मनगटाभोवती बोट फिरवून फास दाखवला. मग खाली, वीतभर उंचीवर, एका इवल्या पावलाभोवती दुसरा.

“एक टोक पोरीच्या पायाला, एक माझ्या हाताला. ती रडते तेव्हा पाय झटकते. मला कळतं. रोज बांधत होते. त्या दिवशी कारखान्यात दुप्पट काम होतं. मनगट सोललं होतं. म्हटलं, आजच्यापुरतं. मी दोरी सोडली. सकाळी ती गार होती. कॉस्मस झोपला होता. मी दोरी परत बांधली. तिच्या पायाला, माझ्या हाताला. मग त्याला उठवलं.”

ॲग्नेसचा आवाज सरळ होता. तो तसा ठेवायची तिला सवय होती.

मागल्या पावसाळ्यात घटसर्पानं ते मूल गेलं तेव्हा साऱ्या गावठाणानं हळहळून म्हटलं होतं, बिचारीनं दोरीसुद्धा बांधली होती, पण पोरीत झटकायचं त्राण उरलं नसेल.

फादर बॅप्टिस्ट तरुण होते. सेमिनरीतून येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं.

“झोप येणं हे पाप नाही, मुली,” ते म्हणाले. “घटसर्प होता. तू जागी असतीस तरी पोर वाचलीच असती असं कुणी सांगू शकत नाही. आणि नवऱ्यापासून लपवलंस त्याचं म्हणशील, तर ते तू इतके दिवस भोगतेच आहेस. देव तुला क्षमा करतो.”

सेराफिनानं विचारलं, प्रायश्चित्त?

“काही नाही.”

तिनं पुन्हा विचारलं. या वेळी हात जोरानं आपटला.

“नाही, मुली. पुष्कळ झालं.”

सेराफिनाचे हात हवेतच राहिले. काहीतरी हातात ठेवतील म्हणून पुढे केलेल्या ओंजळीसारखे. मग ते खाली आले.

फादरच्या बोलण्यात चूक काही नव्हती. पण ॲग्नेसची पंचाईत झाली. इतकी वर्षं तिनं एक रीत पाळली होती, जी कुणाला माहीत नव्हती. फादर ज्याला जे प्रायश्चित्त देत, पाच नमो मारिया, एक रोझरी, तेच ती घरी जाऊन आपणही म्हणे. पाप दुसऱ्याचं असलं तरी बाहेर पडलं होतं तिच्या तोंडातून. चोरी, मार, दारूबंदीत गाळलेली दारू, भावाच्या बायकोवर गेलेली नजर, हे सगळं ती ‘मी’ म्हणून बोलली होती. प्रार्थना संपली की ते उतरे आणि तिला झोप लागे. आज उतरवायला काहीच मिळालं नव्हतं.

सेराफिनाला हात देऊन ती बाहेर आली. अंगण ओलांडताना तिनं समोर पाहिलं.

कॉस्मस कठड्यावरून उठून उभा होता. टोपी हातात होती. बायकोकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो त्या उघड्या खिडकीकडे बघत होता. ॲग्नेसनं त्याच्या नजरेच्या रेषेत मागं वळून पाहिलं. ऊन आत शिरत होतं आणि त्या उजेडात रिकामी खुर्ची, तिची वेताची वीण, पाठीवरचं कोरीव फूल इथून स्वच्छ दिसत होतं.

कॉस्मस जन्मापासून बहिरा होता.

बहिऱ्यांच्या घरात जन्मलेली ॲग्नेस आज कानांनी विचार करून बसली होती.

*

सेराफिनाला तिनं त्या दिवशी सांगितलं नाही. उद्या सांगू म्हणाली, मग झावळ्यांच्या रविवारी, मग ईस्टरनंतर. ईस्टरच्या मिस्साला कॉस्मस पुरुषांच्या बाकांवर अगदी मागं उभा होता. हात खिशात.

दुसऱ्या दिवशी त्याची आई, रीटामावशी, दवाखान्यात आली. ॲग्नेस सांताक्रूझला गुप्ते डॉक्टरांकडे औषधं भरण्याचं काम करत असे. रीटामावशीनं औषधाच्या खिडकीतून डोकं आत घातलं.

“काय गो ॲग्नेस, माझ्या घरात काय लावून दिलंस तू?”

“काय झालं, मावशी?”

“काय झालं काय! माझा पोरगा घरात बोलत नाय. खिशात हात घालून बसतंय. बायको समोर आली का तोंड फिरवतंय. ती हात नाचवून नाचवून थकली. भांडत असता तर मना कळला असता, भांडी तरी वाजली असती. कुमसाराच्या दिवसापासून हे चाललंय. पाद्र्याला काय बोलली ती?”

“ते मला विचारू नको.”

“तुला नाय तर कुणाला विचारू? तू होतीस ना मधी?”

“मी नव्हते तिथं.”

“नव्हतीस? आख्ख्या गावानं तुला आत जाताना बघितला!”

“उभी होते. पण नव्हते.”

“हे पाद्र्यासारखा माझ्याशी बोलू नको,” रीटामावशी कडाडली. “तुझी आय गेली तवा तिला आंघोळ कुणी घातली? तिचे हात छातीवर कुणी बांधले? आज माझा पोरगा बायकोला माहेरी धाडायच्या गोष्टी करतंय, तिचे दिवस भरत आलेत, आणि तुझ्या तोंडाला कुलूप!”

बाकावरचे रोगी वळून बघायला लागले. ॲग्नेसच्या उजव्या हातात खोकल्याच्या औषधाची बाटली होती. ती खाली ठेवावी असं तिला वाटलं. पण बोटं सुटेनात. तिनं डाव्या हातानं ती सोडवायला घेतली तेव्हा बाटली निसटली आणि फरशीवर फुटली.

“जा मावशी,” ती म्हणाली. “मी येते तुझ्याकडे. येते म्हटलं ना.”

रोगी संपल्यावर गुप्ते डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. गुडघ्यावर, कोपरावर रबरी हातोडी मारून पाहिली, बोटांना टाचणी टोचली, मूठ आवळायला लावली.

“हाताला काही झालेलं नाही, ॲग्नेसबाई. शिरा ठीक, स्नायू ठीक. कधीपासून अडकतात बोटं?”

“उपासकाळापासून.”

“झोप येते?”

“येते. मनगट जागं राहतं.”

डॉक्टरांनी तिच्या डाव्या मनगटाकडे पाहिलं. घासून घासून तिथली कातडी लाल झाली होती. आपण ते घासतो हे ॲग्नेसला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

“काहीतरी मनावर घेतलंयत तुम्ही. सांगून टाका. मी कुणापाशी बोलणार नाही.”

“मीही असंच कबूल केलंय, डॉक्टर. म्हणून तर.”

गुप्ते डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला. “माझ्या हातून रोगी गेला की मी कोपरापर्यंत हात धुतो. जंतूंसाठी नव्हे. मग जेवायला बसतो. तुम्ही काय करता?”

“करत होते काहीतरी,” ॲग्नेस म्हणाली. “या वेळी मिळालं नाही.”

त्यांना ते समजलं नाही. त्यांनी कागदावर ब्रोमाइडचं मिक्श्चर लिहून दिलं. “बाटली मात्र तुम्हालाच भरून घ्यावी लागेल,” ते म्हणाले, आणि मग दोघंही थोडं हसली.

मिक्श्चरनं झोप जड झाली, एवढंच. भांडी घासताना, केस विंचरताना ते वाक्य तिच्या ओठांवर येई: मी दोरी सोडली. शेजारीण विचारायची, कुणाशी बोलतेस गो? आणि हे वाक्य एकट्या सेराफिनाचं राहिलं नव्हतं. दोरीचं दुसरं टोक ॲग्नेसच्या पायाला होतं. तिच्या आईनंही अशीच दोरी बांधली होती. आई हातांनी सांगायची: तू झटकायचीस, मी उठायची. त्या घरात रडण्याआधी पाय झटकायला ती शिकली होती; नुसतं रडून उपयोग नसे. आता अंथरुणावर पडल्या पडल्या तिला वाटे, आपण पाय झटकतो आहोत आणि दोरी सैल येते आहे, हातभर, दोन हात, आणि पलीकडे कोणी नाही.

ती फादर बॅप्टिस्टना जाऊन म्हणाली, “फादर, कुमसाराला दुसरं कुणी बघा.”

“दुसरं कोण आहे?” ते म्हणाले. “शनिवारी कुर्ल्याचा तो बहिरा सुतार यायचाय, उपासकाळात राहिलेला. त्याला मी काय सांगू?”

“माझ्याच्यानं होत नाही. हात आखडतात. आणि त्या दिवशी खिडकी उघडी होती.”

“पण बाहेर तर जवळपास कोणी…” म्हणता म्हणता फादर थांबले. ते खिडकीपाशी गेले. विहिरीकडे बघत उभे राहिले. वळले तेव्हा त्यांचा चेहरा पोरासारखा झाला होता.

“मी उघडली ती,” ते म्हणाले.

“उघडलीत तुम्ही. लावायला हवी होती मी. तुम्हाला माहीत नव्हतं, मला होतं.”

“कॉस्मसला मी समजावू का?”

“कशाबद्दल समजावणार?”

जे ऐकलं त्याबद्दल दोघांनाही अवाक्षर काढायची सोय नव्हती. खिडकीबद्दल मात्र ती होती. खिडकी कुणी पाप म्हणून सांगितली नव्हती. ती ॲग्नेसची स्वतःची होती.

*

रविवारी दुपार कलल्यावर ती कॉस्मसच्या घरी गेली. वाटेत पूर्वी भाताची शेतं होती, ती विमानतळात गेल्यापासून कॉस्मस फर्निचरला पॉलिश करायच्या कामाला लागला होता. दारातच स्पिरिटचा वास आला. रीटामावशी ओट्यावर सुकट निवडत बसली होती. तिनं ॲग्नेसकडे पाहिलं आणि पाय आवरून वाट दिली.

आत कॉस्मस पाळणा घासत होता. तोच जुना पाळणा. सेराफिना चुलीपाशी. खोलीच्या दोन टोकांना दोघं. ॲग्नेसनं पायानं जमीन ठोकली, तशी दोघांनीही वर पाहिलं.

तिनं सगळ्यांत आधी सेराफिनाकडे तोंड केलं. उजव्या हाताची बोटं अजून पुरती उघडत नव्हती, म्हणून तिला सावकाश बोलावं लागलं. जड जिभेचा माणूस बोलतो तसं.

त्या दिवशी, ती म्हणाली, खोलीची खिडकी उघडी होती. मी पाहिलं. कॉस्मस विहिरीवर होता. तेही मी पाहिलं. मला वाटलं, लांब आहे. मी खिडकी लावली नाही. चूक माझी.

एवढंच ती म्हणाली. आत काय बोललं गेलं त्यातला एक शब्दही तिच्या हातांवर आला नाही.

सेराफिनाचा रंग उतरला. ती कॉस्मसकडे वळली. तिचा हात डोळ्याकडे गेला आणि पुढे आला: तू पाहिलंस?

कॉस्मसनं पॉलिशच्या कागदावरून हात काढला. मान हलवली.

मग सेराफिना बोलायला लागली आणि ॲग्नेसनं त्यांच्याकडे पाठ केली. बहिऱ्या माणसांत ही रीत आहे. आपलं नसलेलं बोलणं कानी पडू नये म्हणून कानांची माणसं उठून बाहेर जातात. इथं नुसतं भिंतीकडे वळलं तरी पुरतं. समोरच्या भिंतीवर मेरीमातेची तसबीर होती आणि तिच्याखाली एका खिळ्याला एक दोरी टांगलेली. मळकट, सुती, दोन्ही टोकांना फास. ॲग्नेस त्या दोरीकडे बघत उभी राहिली.

मागून आवाज येत होते. हातावर हात आपटल्याचा. काकणांचा. सेराफिनाच्या श्वासाचा. एकदा कॉस्मसच्या घशातून एक मोठा, ओबडधोबड आवाज निघाला, असा की ओट्यावरून रीटामावशी धावत दारात आली. ॲग्नेसनं तिला हातानं थोपवलं.

“काय बोलतात?” मावशी कुजबुजली.

“मला दिसत नाही, मावशी.”

“मग वळून बघ ना गो!”

“नाही.”

रीटामावशी तिच्याकडे बघत राहिली. मग काय वाटलं कोण जाणे, पदर तोंडाला लावून परत ओट्यावर जाऊन बसली. काकणं वाजत राहिली, थांबली, पुन्हा वाजली. वरून एक विमान उतरत गेलं आणि तसबिरीची काच थरथरली. त्यानंतर मागं काहीच ऐकू येईना.

कॉस्मस तिच्या शेजारून पुढे आला. तिच्याकडे न बघता त्यानं खिळ्यावरची दोरी काढली. त्याचे डोळे सुजले होते. कोनाड्यातून त्यानं सुतळीचा नवा तुकडा घेतला आणि जमिनीवर बसून तो जुन्या दोरीला मध्यावर जोडला. पॉलिशवाल्याची बोटं; गाठ बारीक आणि सफाईची पडली. आता दोरीला तीन टोकं होती. एक फास त्यानं सेराफिनाच्या मनगटात अडकवला. तिनं हात पुढे केला तो तोंड दुसरीकडे करून. दुसरा स्वतःच्या मनगटात. तिसरं टोक रिकाम्या पाळण्यावरून नेऊन त्यानं ॲग्नेसच्या हातात दिलं आणि सांगितलं: ओढ. कळतं का बघू.

दोघं चटईवर बसली, तिच्याकडे पाठ करून, मध्ये एका माणसाची जागा सोडून. दोघांनी डोळे मिटले.

ॲग्नेस पाळण्यापाशी गुडघे टेकून बसली. तिनं दोरी हलकेच ओढली, लहान पाय झटकतो तशी.

दोन हात वर झाले.

तिनं पुन्हा ओढली. पुन्हा दोन हात. दोरी सैल आली नाही. पलीकडे वजन होतं.

आणि मग ॲग्नेसला रडू फुटलं. आईच्या मयतीत ती रडली नव्हती. तिथं फादर काय बोलतात ते बापाला सांगायचं होतं. आता ती मोठ्यानं रडली, तोंड उघडं टाकून, त्या घरात ऐकणारं कुणी नाही अशा हिशेबानं. ओट्यावर सुकट निवडणारे हात थांबले असतील, पण मावशी आत आली नाही. दोरी सोडून द्यायचं तिच्या ध्यानात राहिलं नाही. तिचा हात हलत होता आणि हातातली दोरीही.

दोघांनी एकदमच वळून पाहिलं.

सेराफिना जमिनीला हात टेकून उठली. ती आधी खिडकीपाशी गेली. खिडकी लावली, कडी घातली, कडी बसली की नाही ते ओढून पाहिलं. मग ॲग्नेससमोर येऊन बसली आणि दोन्ही तळवे उघडून तिनं मांडीवर ठेवले. ऐकायला बसतात तसे.

खोलीत अंधार झाला होता. कॉस्मसनं कंदील पेटवला, काच फडक्यानं पुसली, आणि उजेड ॲग्नेसच्या हातांवर पडेल असा तो खाली ठेवला.